वैशाखाच्या उन्हात वेल्डिंग करताना

अमळनेर तालुक्यातील आमच्या गावात माझे छोटे वर्कशॉप आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, गोठ्यांचे सांगाडे आणि लोखंडी फाटके ही तेथील मुख्य कामे. आयटीआयमधील वेल्डर ट्रेडचे एक वर्ष पूर्ण करून मी या धंद्यात उतरलो, तेव्हा सुरक्षिततेचे नियम मला तोंडपाठ होते. परंतु तेच नियम 44-45 अंश तापमानात, तापलेल्या पत्र्याच्या शेडखाली पाळायचे कसे, हे मात्र मला पुढे एकेक दुखणे अंगावर घेऊन शिकावे लागले. आमच्याकडे आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, पहिल्या पावसापर्यंतचा काळ कामाच्या गर्दीचा असतो, कारण पेरणीआधी ट्रॉली, नांगर, वखर दुरुस्त करून घेण्याची प्रत्येक शेतकऱ्याला घाई असते. ज्या दिवसांत अंगावर सुती सदराही नकोसा होतो, त्याच दिवसांत चामड्याचे हातमोजे आणि ॲप्रन घालून सर्वाधिक काम करावे लागते.

पहिले दुखणे डोळ्यांचे झाले. त्या वेळी मी दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये कामाला होतो आणि खिडकीच्या ग्रिलला टाके, म्हणजे तुकडे जागेवर धरून ठेवणारे छोटे जोड, मारत होतो. एका हातात वेल्डिंगची रॉड पकडणारा होल्डर आणि दुसऱ्या हाताने चौकोनी सळई जागेवर धरलेली, त्यामुळे हातात धरायची स्क्रीन बाजूला पडून होती. टाका क्षणाचा असतो, तेव्हा डोळे मिटून मान फिरवली की भागते, असे तेथे सगळेच करीत. मात्र आर्क, म्हणजे रॉड आणि लोखंड यांमधील विजेची ज्योत, लागण्याची आणि डोळे मिटण्याची वेळ नेमकी कधीच जुळत नाही. अशा पंचवीस-तीस टाक्यांनंतरही संध्याकाळपर्यंत मला काहीही जाणवले नाही. रात्री एकच्या सुमारास जाग आली, ती दोन्ही डोळ्यांत गरम वाळू भरल्यासारख्या वेदनेने. पाणी थांबेना आणि घरातला दिवाही सहन होईना. ‘डोयामा काय गयं रे तुना?’ असे म्हणत आईने बटाट्याच्या चकत्या आणून डोळ्यांवर ठेवल्या. त्यांचा गारवा तेवढा बरा वाटला, दुखणे मात्र तसेच राहिले.

सकाळी डॉक्टरांनी डोळ्यांत रंगाचा थेंब टाकून तपासले आणि सांगितले, की आर्कमधील अतिनील किरणांमुळे बुबुळावरील पारदर्शक पडद्याचा वरचा थर भाजला आहे. हा त्रास साधारण सहा ते बारा तासांनी सुरू होतो आणि डोळे न चोळता विश्रांती दिली, तर एक-दोन दिवसांत तो थर भरून येतो. तपासताना त्यांनी टाकलेल्या बधिरतेच्या थेंबाने मला लगेच आराम पडला, म्हणून मी त्याचीच बाटली मागितली. त्यांनी ती दिली नाही. त्या थेंबांनी दुखणे कळेनासे होते, पण वारंवार वापरल्यास जखम भरत नाही आणि अधिक खोल जाऊ शकते, हे त्यांनी मला शांतपणे समजावले. ही गोष्ट मी तेव्हापासून प्रत्येक वेल्डरला आवर्जून सांगतो, कारण आमच्या धंद्यात थेंबांच्या अशा बाटल्या हातोहात फिरताना मी पाहिल्या आहेत.

त्यानंतर मी डोक्यावर बसणारी स्क्रीन घेतली, कारण दोन्ही हात मोकळे राहिले तरच टाक्याच्या वेळी स्क्रीन वापरली जाते. स्क्रीनच्या काळ्या काचेच्या बाबतीत आमच्याकडे एक घोळ कायम होतो. 3.15 मिलिमीटरच्या रॉडला आपण ‘दहा नंबर’ म्हणतो, आणि काचेचाही दहा नंबर असतो. या दोन नंबरांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ती रॉड मी 100 ते 120 अँपिअरवर चालवतो आणि त्यासाठी दहा किंवा अकरा नंबरची काच लावतो. करंट वाढवून जाड रॉड लावली, तर बारा नंबरची. नंबर न छापलेली काळी काच मी घेत नाही. नुसत्या काळेपणाने उजेड कमी होईल, पण अतिनील किरण अडतीलच याची खात्री नसते. पाइप धरायला उभ्या असलेल्या मुलालाही तशीच स्क्रीन देतो, कारण मदतनिसाचेही डोळे भाजतात आणि त्याची चौकशी कोणी करीत नाही. शेडच्या चुना मारलेल्या पांढऱ्या भिंतीवरूनही हे किरण परततात, असे समजल्यावर मी ती भिंत गडद, बिनचकाकीच्या रंगाने रंगवून घेतली आणि रस्त्याच्या बाजूला जाड ताडपत्री लावली.

दुसरा प्रसंग विजेचा. त्यातून मी केवळ नशिबाने वाचलो, असे मला आजही वाटते. मे महिन्यात भरदुपारी ट्रॉलीच्या आत बसून मी तळाचा पत्रा जोडत होतो. शर्ट काढून ठेवला होता, पाठ ट्रॉलीच्या फाळक्याला टेकलेली होती आणि हातमोजे घामाने चिंब झाले होते. रॉड संपली म्हणून नवी बसवताना ओल्या मोज्यातून धक्का बसला आणि क्षणभर हात होल्डरवरच आवळला गेला. बाहेर उभ्या असलेल्या सहकाऱ्याने मेन स्विच खाली ओढला, म्हणून सुटलो. घरातील 230 व्होल्टपुढे मशीनचे 70-80 व्होल्ट म्हणजे किरकोळ, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात धोका ठरतो तो शरीरातून किती करंट वाहतो यावर. कोरडी कातडी करंटला बराच अडथळा करते, घामाने भिजलेली कातडी फारच थोडा. त्यात आपण लोखंडावरच बसलेलो असलो, तर करंटला परतीची वाट आयती मिळते. शिवाय रॉड टेकवलेली नसते, तेव्हाच होल्डरवर सर्वाधिक व्होल्टेज असते, आणि रॉड बदलण्याचा क्षण नेमका तोच असतो.

मेन बोर्डवर 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे स्विच, होते, मग ते का पडले नाही, असा प्रश्न मला पडला होता. मशीनमधील ट्रान्सफॉर्मरमुळे होल्डरची बाजू मेन लाइनपासून वेगळी झालेली असते, म्हणून त्या बाजूचा धक्का आरसीसीबीला कळतच नाही, हे आयटीआयमधील आमच्या जुन्या निदेशकांनी वहीवर आकृती काढून समजावले. मशीनच्या बॉडीत किंवा तिच्या मेन केबलमध्ये वीज उतरली, तर ते उपयोगी पडते आणि त्यासाठी ते हवेच. होल्डरपासून मात्र आपल्याला कोरडेपणाच वाचवतो. म्हणून आता माझ्याकडे हातमोज्यांचे तीन जोड आहेत. ओला झालेला जोड तारेवर वाळत घालायचा आणि दुसरा चढवायचा, असे आलटून पालटून चालते. ट्रॉलीत उतरण्यापूर्वी खाली कोरडी प्लायवूडची फळी आणि रबरी मॅट टाकतो, आणि अशा अडचणीच्या जागी रॉड बदलताना बाहेरचा माणूस आधी मशीन बंद करतो. अर्थिंगचा क्लॅम्प गंज आणि रंग घासून, जोडाच्या शक्य तितक्या जवळ लावतो. कूलर शेडमध्ये ठेवणे मी बंद केले. त्याचा ओलावा मशीनजवळ नको, असा माझा निर्णय आहे.

जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पाइपने दिलेला ताप याच्याइतका भीतीदायक नव्हता. गोठ्याचे काम दिवसभर केल्यावर रात्री हुडहुडी भरली आणि तोंडाला धातूची चव आली. मलेरियाची तपासणी झाली, त्यात काही निघाले नाही, आणि दोन दिवसांत ताप आपोआप उतरला. जस्ताचा मुलामा जळून निघणाऱ्या पांढऱ्या धुराचा तो ताप होता. दूध-गूळ घेतल्याने धूर बाधत नाही, ही समजूत आमच्याकडे घट्ट आहे. पण पोटात गेलेले दूध फुप्फुसात गेलेला धूर काढू शकत नाही. तोंडाला बांधलेला रुमालही उपयोगाचा नाही, कारण धुराचे कण कापडाच्या विणीतून सहज जातात. आता मी जोडाच्या दोन्ही बाजूंचा दोन-तीन इंच मुलामा आधी ग्राइंडरने काढतो, धुरासाठीचा गाळणी असलेला मास्क लावतो आणि वारा बाजूने वाहील असा बसतो. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2017 मध्ये वेल्डिंगच्या धुराला पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या घटकांत, घातले. तेव्हापासून साध्या काळ्या लोखंडाच्या कामातही मी धुराच्या लोटावर तोंड धरत नाही.

शेतात जाऊन काम करायचे असेल, तर या दिवसांत ठिणगीचे भय सर्वांत मोठे. वाळलेली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडे, आणि केळीची सुकी पाने पेट घ्यायला वेळ लावत नाहीत, आणि ठिणगी दहा मीटरपर्यंत उडू शकते. जागा झाडून, पाणी मारून, दोन बादल्या भरून ठेवल्यावरच मी मशीन चालू करतो आणि काम संपल्यावर अर्धा तास तेथेच थांबतो. डिझेलचा किंवा फवारणीच्या औषधाचा रिकामा ड्रम कापायला कोणी आणला, तर तो परत पाठवतो. रिकाम्या ड्रममधील वाफच पेटते आणि ड्रम फुटतो.

या सगळ्यांतून मी शेवटी कामाची वेळच बदलली. एप्रिल-मे महिन्यांत पहाटे साडेपाचला मशीन सुरू होते आणि साडेदहाला बंद. नंतर थेट संध्याकाळी पाचला. मधल्या वेळात मापे घेणे आणि माल आणणे एवढेच. सुरुवातीला गिऱ्हाइके रागावली. गेल्या मे महिन्यात शेजारच्या गावाचे एक आबा दुपारी एक वाजता वखराची तुटलेली फास, म्हणजे पाते, घेऊन आले आणि पाच मिनिटांचे काम आहे, आताच करून दे, म्हणून हटून बसले. मी त्यांना तारेवर वाळत घातलेले हातमोजे दाखवले आणि म्हणालो, ‘आबा, हे वाळले की पहिले काम तुमचेच.’ त्यांनी एक मोजा हातात घेऊन दाबून पाहिला, तेव्हा त्यातून घाम निथळला. मग ते निंबाखाली बाजेवर आडवे झाले आणि पाच वाजता त्यांनीच मला हाक मारली.