मेसोपोटेमियाचं पान एकदाचं लागलं

मंडळी, माझ्या लष्करी टपालाच्या संग्रहातलं, पावसाळाभर अडून बसलेलं मेसोपोटेमियाचं (आजच्या इराकचं) पान मार्गी लागलं. बेळगावात राहून मराठा पलटणींचं टपाल जमवायचं आणि नेमकं हेच पान रिकामं, हे बरं दिसत नव्हतं. पहिल्या महायुद्धात तिथल्या कुत गावाच्या वेढ्यात (७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६) सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी अडकल्या होत्या.

मिळालेलं पाकीट वेढ्यानंतरचं, १९१७ मधलं. त्याच्यावर तिकीटच नाही! मोहिमेवरच्या शिपायाचं साधं पत्र फुकट जायचं. म्हणून ‘आय.ई.एफ.’ (इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स) छापलेल्या पंचम जॉर्जच्या तिकिटांचा कोरा संच कितीही देखणा असला तरी पानावर मी तो कोपऱ्यातच ठेवलाय. त्यात पलटण कुठं दिसते?

खरा खेळ शिक्क्यांचा. फील्ड पोस्टाच्या, म्हणजे फौजेबरोबरच्या पोस्ट ऑफिसाच्या, शिक्क्यात गाव नसतं, नुसता नंबर आणि तारीख. शिवाय फौज पुढं सरकली की ऑफिसही नंबरासकट पुढं. तेव्हा नंबर बघून जागा ठरवू नका. तारीख धरा, त्या दिवशी फौज कुठं होती ते बघा. ११ मार्च १९१७ ला बगदाद पडलं, त्याच्या आधीचं आणि नंतरचं पाकीट एका रांगेत लावलं की सगळा घोळ होतो. मागचा बेळगावचा पोच-शिक्का असेल तर सोन्याहून पिवळं. माझ्या पाकिटावर तो अर्धाच उमटलाय, पण वाचता येतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या पानावर एक पाकीट आहे, पत्ता ‘चंदगड, जि. बेळगाव’. नव्या पोरांना वाटतं लिहिणारा चुकला. चुकला नाही, १९५६ च्या राज्यरचनेत चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात गेलं आणि आम्ही म्हैसूर राज्यात. पत्र घरच्यांनी ठेवून घेतलं, पाकीट मला दिलं. ते योग्यच झालं.

कोरियाचं पान अजून अर्धवट. तिथं गेलेल्या भारतीय फौजेसाठीची, १९५३ ची ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ छापलेली तिकिटं आहेत, पण टपालातून खरंच आलेलं पाकीट हवंय.

पुढचं काम ५६ आणि ९९ एपीओचं (आर्मी पोस्ट ऑफिसचं). सेना डाक सेवा १ मार्च १९७२ ला स्वतंत्र कोअर झाली, तेव्हा ७१ च्या लढाईपासून ७२ अखेरपर्यंतची पाकिटं शेजारी शेजारी लावायचा विचार आहे. खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मंडळींच्या माळ्यावर अशी काही सापडली तर तिकीट कापून काढू नका. अख्खं पाकीट राहू द्या, मी येऊन बघतो.