अडीच विसा गवऱ्या

आमची आई तेलंगणातल्या बोधनची, मांजरा नदीच्या पल्याडची, तेलुगू बोलणारी. १९७१ला लग्न होऊन देगलूरला आली तेव्हा तिला मराठी येत नव्हतं. तिच्या वडिलांचं किराणा दुकान होतं म्हणून आकडे तेवढे पाठ. दुसऱ्याच आठवड्यात आजी म्हणाली, "सूनबाई, अडीच विसा गवऱ्या आण गं." आजीला हव्या होत्या अडीच वेळा वीस, म्हणजे पन्नास. आईनं वीस आणि अडीच अशी बेरीज केली. बावीस गवऱ्या आणल्या आणि तेविसावी मोडून अर्धी वर ठेवली.

ती अर्धी गवरी आमच्या घरात अजून जळतेय. कुणाचंही लग्न असो, निघतेच.

परवा डॅनिश आकड्यांबद्दल वाचलं आणि उडालोच. पन्नासला ते म्हणतात 'हालत्रेस', आणि मुळातला हिशोब अडीच विसांचा! साठ म्हणजे तीन विसा, सत्तर म्हणजे औट, म्हणजे साडेतीन, विसा, नव्वद साडेचार विसा. आजीनं कोपनहेगनला बिनघोर बाजार केला असता.

तिथल्या राजघराण्यात सुना-जावई बाहेरून आलेले. मेरी ऑस्ट्रेलियातल्या होबार्टची, २००४ला लग्न, २०२४पासून राणी. ती भाषणं डॅनिशमधून करते. हाँगकाँगची अलेक्झांड्रा १९९५ला सून झाली, तिनं तर भाषा इतकी झटपट उचलली की लोक खूश. माझा जीव अडकला तो हेन्रिकमध्ये. हा फ्रेंच माणूस, १९६७ला पुढं राणी झालेल्या मार्गरेथेशी लग्न केलं, म्हणजे घरजावईच की. बालपणीची काही वर्षं व्हिएतनाममध्ये काढलेला, चिनी आणि व्हिएतनामी शिकलेला. भाषेला भिणारा गडी नव्हे. तरी २०१८ला वारला तोवर त्याच्या डॅनिशमधल्या फ्रेंच हेलाची टिंगल होत राहिली. पन्नास वर्षं!

नव्या माणसाला डॅनिश लोक हमखास एका गोड पदार्थाचं नाव म्हणायला लावतात, 'रोडग्रोड मे फ्लोडे'. त्यातला ड म्हणजे धड ड नाही, धड ल नाही. आमच्या आत्या आईला 'भाकर' म्हणायला लावायच्या. ती म्हणायची, "बाकर झाला." मग हशा. डॅनिशमध्ये लिंगं दोनच, आपल्यात तीन. तिची त्यात कायम फसगत व्हायची.

आत्यांचं सोडा. मी सात-आठ वर्षांचा असताना पाहुण्यांपुढं तिची नक्कल करायचो. सगळे हसायचे, तीही हसायची. आमच्याशी तेलुगू बोलणं तिनं नेमकं कधी थांबवलं ते कळलंच नाही. हेन्रिकच्या दोन्ही पोरांना फ्रेंच येतं. मला बोधनच्या मामाशी फोनवर हिंदीत बोलावं लागतं.

काल आई बीपीच्या गोळ्या मोजत होती, ओठातल्या ओठात. ओकटि, रेंडु, मूडु. मी विचारलं, पन्नासला काय म्हणतात?

"याबै."

मी म्हणालो.

"तसं नव्हे रे," ती म्हणाली. "परत म्हण."