मॉरिशस : सह्याद्रीच्या धाकट्या भावंडाची भेट

मॉरिशसच्या सहलीचे कोणतेही माहितीपत्रक उघडले की पांढरी वाळू, निळे-हिरवे पाणी आणि माडाखाली मांडलेली आरामखुर्ची एवढेच दिसते. हे सारे तेथे आहे आणि सुंदरही आहे. परंतु बेट फिरून झाल्यावर माझे मत असे झाले की मॉरिशसमध्ये पाहण्यासारखे जे जे आहे, त्यातील बहुतेक गोष्टींचे मूळ तेथील काळ्या दगडात आहे. विवरातील तळी, कड्यांवरून कोसळणारे धबधबे, शामारेलची रंगीत माती आणि उसाच्या शेतांतील दगडांचे ढीग हे सगळे एकाच बेसाल्टचे प्रताप आहेत, आणि हा दगड महाराष्ट्रातील माणसाला नवा नाही.

ही ओळख केवळ दिसण्यापुरती नसून तिला नात्याचाही आधार आहे. मॉरिशसच्या नैर्ऋत्येला असलेल्या रियुनियन बेटाखाली, भूगर्भातून तप्त शिलारस वर येण्याचे एक जुने ठिकाण आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकत असताना या ठिकाणावरून गेला आणि त्या काळात लाव्हाचे जे थरांवर थर साचले, त्यांतून दख्खनचे पठार आणि आपला सह्याद्री घडला, असे भूशास्त्रज्ञांचे बहुमान्य मत आहे. त्याच ठिकाणावर मॉरिशस फार उशिरा, म्हणजे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी, समुद्रातून वर आले. रियुनियनवरील ज्वालामुखी तर आजही जागा आहे. त्यामुळे रायगड-राजगडाच्या वाटा तुडवलेल्या माणसाला मॉरिशसचे डोंगर पाहताना परकेपणा वाटत नाही. फक्त ते ठेंगणे, सुटे-सुटे आणि अधिक टोकदार वाटतात.

या सुळक्यांची पहिली भेट राजधानी पोर्ट लुईसच्या पाठीशी होते. अंगठ्यासारखे टोक वर काढून उभा असलेला ल पूस ८१२ मीटर उंच आहे आणि सकाळी लवकर निघाल्यास दुपारच्या जेवणापर्यंत तो चढून उतरता येतो. चार्ल्स डार्विन १८३६ मध्ये आपल्या जगप्रवासात येथे थांबला असताना हाच डोंगर चढला होता. माथ्यावरून एका बाजूला बंदर आणि त्यातील जहाजे दिसतात, तर दुसऱ्या बाजूला उसाचे हिरवे पठार पसरलेले दिसते. आणि शेजारीच, डोक्यावर एक अवाढव्य धोंडा तोलून धरलेला प्येटर बोट हा ८२० मीटरचा शिखरसुळका दिसतो. १६१५ मध्ये या बेटाच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून बुडालेल्या डच अधिकाऱ्याचे नाव त्याला मिळालेले आहे. हा धोंडा खाली कसा येत नाही, हा प्रश्न पाहणाऱ्या प्रत्येकाला पडतो.

डोंगर उतरून शहरात आल्यावर बंदरालगतच्या आप्रवासी घाटावर मी मुद्दाम गेले. प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत या जागेला बहुतेक वेळा शेवटचे स्थान मिळते, कारण तेथे डोळ्यांना सुखावणारे फारसे काही नाही. दगडी पायऱ्या, काही खोल्यांचे अवशेष आणि एक नेटके संग्रहालय एवढेच आहे. गुलामगिरी संपुष्टात येऊ लागली तेव्हा, १८३४ पासून, इंग्रजांनी उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारावर मजूर आणायला सुरुवात केली आणि १८४९ मध्ये उभारलेल्या या ठाण्यातून पुढे लाखो माणसे बेटावर उतरली. त्यांतील बहुसंख्य बिहार आणि उत्तर प्रदेशाकडचे होते, परंतु मुंबई बंदरातून आलेले कोकणातील लोकही त्यांत होते. २००६ पासून ही जागा जागतिक वारसा यादीत आहे. येथे आधी जाऊन मग बेट पाहावे, असा माझा आग्रह आहे. उसाच्या शेतांमध्ये काळ्या दगडांचे जे उंच, रचलेले ढीग जागोजागी दिसतात, ते या मजुरांनी जमीन लागवडीखाली आणताना हातांनी वेचून काढलेल्या दगडांचे आहेत, हे ठाऊक असले की त्या साध्या शेतांकडे पाहण्याची नजर बदलते.

कोकणातून आलेल्यांचे वंशज आज मॉरिशसमध्ये स्वतःची ओळख राखून आहेत. घरात ते इतरांप्रमाणेच क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तेथील बोली, बोलतात, पण मराठी शाळेत शिकवली जाते, गणेशचतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते आणि कोकणातील जाखडी नाच तेथे अजून टिकून आहे. पश्चिम किनाऱ्याजवळच्या कास्काव्हेल गावात एका वयस्कर बाईंशी माझे बोलणे झाले. माझी मराठी त्यांना सगळी कळत नव्हती आणि त्यांची क्रिओल मला मुळीच कळत नव्हती, पण ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ त्यांनी पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत न अडखळता म्हणून दाखवली.

बेटाच्या मधोमध, क्यूरपीप या ढगाळ, पावसाळी आणि किनाऱ्याच्या मानाने थंड शहरात, त्रू ओ सेर्फ नावाचे निद्रिस्त ज्वालामुखीचे विवर आहे. त्याच्या काठावरून गाडीरस्ता गोल फिरतो, उतारावर दाट झाडी आहे आणि तळाशी गाळाने भरलेले छोटे डबके आहे. खरे सांगायचे तर विवरापेक्षा त्याच्या काठावरून चहूकडे दिसणारे डोंगर अधिक प्रेक्षणीय आहेत. विवराचे सौंदर्य पाहायचे असेल तर गंगा तलाव गाठावा. नैर्ऋत्येकडील उंच पठारावरचे हे तळेही ज्वालामुखीच्या मुखातच साठलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदू मजुरांनी त्याला तीर्थ मानायला सुरुवात केली, १९७२ मध्ये भारतातून आणलेले गंगाजल त्यात मिसळण्यात आले, आणि आता महाशिवरात्रीला पांढरे कपडे घातलेले लाखो भाविक कावडी घेऊन, कित्येकदा रात्रभर चालत, येथे येतात. तळ्याच्या वाटेवर उभी असलेली मंगल महादेवाची मूर्ती १०८ फूट उंच आहे. ती वडोदऱ्याच्या सूरसागर तलावातील मूर्तीवरून घडवलेली आहे. मूर्तीची उंची पाहून बहुतेकजण छायाचित्रे काढतात आणि परततात. मला मात्र तळ्याच्या पायऱ्या, पाण्यावर उतरणारे धुके आणि पायांशी येऊन तोंड वासणारे मासे अधिक आवडले. देवळातील नैवेद्याच्या केळ्यांवर माकडांचा डोळा असतो, एवढी सूचना आधीच करून ठेवते.

येथून शामारेलकडे जाणारा रस्ता ब्लॅक रिव्हर गॉर्जेस या राष्ट्रीय उद्यानातून जातो आणि संपूर्ण बेटावर माझा सर्वाधिक आवडता रस्ता हाच आहे. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानात मूळच्या जंगलाचा उरलासुरला भाग राखलेला आहे. डच लोक १५९८ मध्ये येथे आले तेव्हा बेट जंगलाने झाकलेले होते. एबनीच्या काळ्या, मौल्यवान लाकडासाठी त्यांनी तोड सुरू केली आणि पुढे उसासाठी उरलेले रान साफ झाले. डोडो तर सतराव्या शतकातच नाहीसा झाला. रस्त्यालगतच्या निरीक्षणस्थळावरून दरी पाहताना, खाली हिरव्या झाडीवर लांब शेपटीचे शुभ्र समुद्रपक्षी तरंगताना दिसतात, आणि हवा स्वच्छ असेल तर दरीच्या तोंडाशी समुद्राची पट्टी दिसते. मॉरिशसचा छोटा ससाणाही याच डोंगरांतला आहे. १९७४ मध्ये जंगलात त्याचे केवळ चार पक्षी उरल्याची नोंद आहे, आणि तेथून पिंजऱ्यातील प्रजनन व संरक्षण यांच्या बळावर ही जात पुन्हा शेकड्यांत पोहोचवली गेली. तो दिसावा म्हणून मी बराच वेळ थांबले. दिसली ती माकडेच, आणि तीही बाहेरून आणलेल्या जातीची.

शामारेलचा धबधबा सुमारे १०० मीटर उंचीवरून, काळ्या कड्याच्या अर्धवर्तुळात सरळ खाली पडतो. भर पावसात लिंगमळा पाहिलेल्या माणसाला त्याचे अप्रूप थोडे कमी वाटेल, पण तो बारमाही आहे हे विसरू नये. थोडे पुढे गेल्यावर सात रंगांच्या मातीच्या टेकड्या लागतात. तांबडा, तपकिरी, जांभळट, निळसर, पिवळा असे पट्टे लाटांसारख्या उंचवट्यांवर पसरलेले आहेत आणि त्यावर गवताची काडीही उगवत नाही. बेसाल्ट पाऊस आणि उष्णता यांमुळे कुजत गेला, विरघळणारे घटक वाहून गेले आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहिली. त्यांपैकी लोहामुळे तांबडे रंग आले आणि ॲल्युमिनियममुळे निळसर-जांभळट रंग आले. आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गातील जांभा दगडही अशाच उष्ण-पावसाळी हवामानात, खडक झिजून आणि लोह-ॲल्युमिनियम शिल्लक राहून तयार झाला. फरक असा की त्या जांभ्यावर आपण घरे बांधली आणि येथील मातीभोवती कुंपण घालून तिला तिकीट लावले. ढगाळ वेळी हे रंग फिके वाटतात, म्हणून ऊन असेल तेव्हाच येथे जावे.

शामारेलच्या घाटातून उतरताना ल मोर्न ब्राबाँ समोर येतो. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्रात घुसलेला हा ५५६ मीटरचा एकटा कातळ दुरून एखाद्या अभेद्य किल्ल्यासारखा दिसतो, आणि एका अर्थाने तो किल्लाच होता. मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या कपारींत लपून राहत. १८३५ मध्ये गुलामगिरी रद्द झाल्याची बातमी सांगण्यासाठी शिपायांची तुकडी आली तेव्हा, आपल्याला पकडायलाच हे लोक आले आहेत असे समजून काहींनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कथा येथे सांगितली जाते. २००८ मध्ये हा डोंगर जागतिक वारसा यादीत गेला. चढाचा पहिला टप्पा रुंद पायवाटेचा आणि सोपा आहे. शेवटचा मात्र हात टेकत चढण्याचा आहे आणि तेथे वाटाड्या घेणे शहाणपणाचे आहे. वरून खाली पाहिले की प्रवाळाच्या भिंतीआड अडलेले फिकट हिरवे पाणी आणि भिंतीपलीकडचा गडद निळा समुद्र यांच्यातील सीमारेषा आखल्यासारखी दिसते. याच टोकाजवळचा ‘पाण्याखालचा धबधबा’ सध्या फार प्रसिद्ध आहे. तो धबधबा नसून, उथळ भागातील वाळू आणि गाळ प्रवाहाबरोबर खोल उतारावर सरकत असल्यामुळे होणारा दृष्टिभ्रम आहे, आणि तो नीट पाहायचा तर हेलिकॉप्टरचे भाडे मोजावे लागते. मी ते मोजले नाही; डोंगरावरून जे दिसले त्याने माझे समाधान झाले.

प्रवाळाची ही भिंत बेटाभोवती जवळपास सर्वत्र आहे, म्हणून मॉरिशसचे किनारे शांत आणि पोहण्याजोगे आहेत. दक्षिणेला सुयाक गावाजवळ, ग्री ग्री येथे मात्र भिंत खंडित झाली आहे आणि महासागर थेट काळ्या कड्यांवर येऊन आदळतो. येथे पोहणे धोक्याचे आहे, तशा पाट्याही आहेत. कड्याच्या काठाने चालत ‘रडणाऱ्या खडका’पर्यंत जाता येते, जेथे लाटेचे पाणी कातळावरून सतत ओघळत असते. वारा इतका असतो की बोलणे ऐकू येत नाही. आरामखुर्चीच्या मॉरिशसला कंटाळलेल्या प्रवाशाने एक दुपार येथे अवश्य घालवावी.

छोट्या बेटांपैकी पूर्वेच्या इल ओ सेर्फबद्दल फार लिहीत नाही. वाळू उत्तम आहे आणि गर्दी त्याहून अधिक आहे. त्याऐवजी माएबूरजवळचे इल ओ एग्रेत निवडावे. अवघ्या २६ हेक्टरांचे हे राखीव बेट बेसाल्टचे नसून प्रवाळाच्या चुनखडीचे आहे, त्यामुळे त्यावरची झाडीही वेगळी, खुरटी आणि चिवट आहे. वाटाड्याबरोबरच फिरावे लागते. एबनीच्या झुडपांतून गुलाबी कबुतरे दिसतात, आणि अल्दाब्रा बेटाहून आणलेली प्रचंड कासवे वाटेत निवांत बसलेली असतात. मॉरिशसची मूळची कासवे माणसांनी खाऊन संपवली. फळे खाऊन बिया पसरवण्याचे त्यांचे काम आता ही पाहुणी कासवे करतात.

उत्तरेकडील पाँपलमूसच्या बागेत आठशे रुपयांच्या चपलांचे नुकसान होईल इतके चालणे होते, पण थाळ्यांएवढ्या आणि त्याहून मोठ्या पानांची अमेझॉनची कमळे आणि आयुष्यात एकदाच फुलून मरून जाणारे तालीपॉट जातीचे ताड पाहायला ते चालणे परवडते. बाहेर पडल्यावर गाडीवरची ढोल पुरी खावी. चणाडाळीचे तिखट-मिठाचे सारण भरलेली ही पोळी पुरणपोळीची गोड सोडलेली बहीण वाटते, आणि दोन-दोन पोळ्यांत रस्सा व चटणी घालून ती कागदात गुंडाळून मिळते.

जाण्यासाठी मे ते नोव्हेंबर हा काळ उत्तम आहे, कारण जानेवारी ते मार्च या महिन्यांत चक्रीवादळांची भीती असते. तेथील थंडीच्या दिवसांत, म्हणजे साधारण जून ते सप्टेंबरमध्ये, आग्नेयेकडून जोराचे वारे वाहतात आणि पूर्व किनारा त्रासदायक होतो, म्हणून तेव्हा मुक्काम पश्चिमेला करावा. ल मोर्न, शामारेल आणि राष्ट्रीय उद्यान तेथून जवळही पडतात. भारतीय पर्यटकांना व्हिसा पोहोचल्यावर विनाशुल्क मिळतो. वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे भाड्याची गाडी स्वतः चालवणे अवघड नाही. मात्र डोंगरातील रस्ते अरुंद आहेत आणि संध्याकाळी लवकर अंधारते, तेव्हा शामारेलचा घाट उजेडातच उतरावा.