मन लागतं का?

"काय ओ वहिनी, मन लागतंय का तुमचं?"

गणपतीची मूर्ती ठरवायला आलेली माणसं हे हमखास विचारतात. आमचं दुकान म्हणजे घराचाच खालचा मजला, कोल्हापुरात शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत. सकाळी सहाला शटर अर्धं वर असतं आणि मी आत खुर्चीवर डोळे मिटून बसलेली असते, हे आता गल्लीला पाठ झालंय. कुणी दूध आणायला जाताना बघतं, कुणी फिरून येताना. मग बुकिंगची पावती फाडता फाडता विषय निघतो. ध्यान करता ना तुम्ही? आमचं तर दोन मिनिटंसुद्धा लागत नाही, तुमचं कसं लागतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, माझंही लागत नाही. सहा वर्षं झाली, रोज बसतेय. कालही बसल्यावर पहिला विचार आला तो शाडूच्या पोत्यांचा, मग धाकट्याच्या फीचा, मग नणंदेच्या एका जुन्या बोलण्याचा. वीस मिनिटांत श्वासापाशी किती राहिले म्हणाल, तर सुटं सुटं मिळून तीन-चार मिनिटं असतील.

पहिल्या वर्षी मी याच गोष्टीनं रडकुंडीला आले होते. आमच्या सासूबाई, ज्यांना आम्ही आत्या म्हणतो, लसूण सोलत बसल्या होत्या. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. त्यांना सांगितलं, तर मान वर न करता म्हणाल्या, "मन म्हंजी शेरडू हाय बाई. जातंय. गेलं की आणायचं. मारलंस तर आनी लांब पळंल." पुढं कधीतरी गीतेचा सहावा अध्याय वाचताना २६व्या श्लोकापाशी आले आणि थांबले. चंचल मन जिथं जिथं धावेल तिथून तिथून त्याला आवरून परत आत आणावं, एवढंच तिथं म्हटलंय. किती वेळा आणायचं त्याचा आकडा नाही. शेरडू पळालं म्हणून राखणाऱ्याला दोषही दिलेला नाही. तेव्हापासून मन लागलं का ते मी बघत नाही. गेलेलं कळलं का, आणि परत आणलं का, एवढंच बघते. ते आणणं, तेच माझं ध्यान.

सुरुवात पुरानं झाली. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी मोजतात. ३९ फुटांवर इशारा, ४३ वर धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५५ फुटांच्याही वर गेलं. त्या वर्षी चतुर्थी २ सप्टेंबरची, म्हणजे रंगकाम हातघाईवर आलेलं. चाळीसेक शाडूच्या मूर्तींचे डोळे मी स्वतः आखून ठेवले होते. माळ्यावर चढवता आल्या तेवढ्या चढवल्या, बाकीच्या जागेवरच राहिल्या. पाणी उतरल्यावर आत गेलो तर फळ्यांवर मूर्तींच्या जागी करड्या चिखलाचे ढीग होते. एका ढिगात रंगवलेला सोंडेचा तुकडा तेवढा शाबूत होता. गणपती कुणाच्या घरी गेले नाहीत, आरती झाली नाही, मोदक दाखवला नाही, आणि विसर्जन झालं.

पैशाचं नुकसान पुढं भरून निघालं. पावसाचा आवाज मात्र मला सहन होईना. पत्र्यावर सर आली की छातीत धडधड सुरू. रात्री दोनला उठून जिन्यात जायचं, पाणी कितव्या पायरीला आलंय ते बघायला. जिना कोरडा ठणठणीत. ते डोळ्यांनी बघून परत वर यायचं आणि अर्ध्या तासानं पुन्हा खाली. डॉक्टरांनी तपासून गोळी दिली. काही महिने ती घेतली आणि तिचा उपयोग झाला. हे मुद्दाम सांगते, कारण ध्यानाला बसणारी काही माणसं औषधांना नावं ठेवतात, ते मला अजिबात पटत नाही. त्याच डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये जुन्या दुखण्यांनी बेजार झालेल्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा ध्यानाचा वर्ग काढला होता, औषधोपचाराच्या जोडीला. "गोळी मी देतो, बसायला तुम्ही शिका," असं म्हणाले.

शिकायला आळत्याला गेले. हातकणंगल्याजवळ रामलिंगाच्या वाटेवर विपश्यनेचं केंद्र आहे. दहा दिवस. पहाटे चारला घंटा, फोन जमा, मौन, आणि पहिले साडेतीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. फी घेत नाहीत. ज्यांचं शिबिर पुरं झालंय त्यांच्या दानावर पुढच्यांचं चालतं. गुडघे दुखले, पाठ भरून आली, ते सगळं निभावलं. अडलं ते जपापाशी. शिबिरापुरता जप, पूजा, उपास बाजूला ठेवायला सांगतात. मी अंबाबाईच्या गावची. दिवेलागण झाली की तोंडात नाव येणारच. पहिल्या दोन संध्याकाळी आलं आणि चोरी केल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी तिथल्या ताईंना विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "देवी कुठं जात नाही. दहा दिवस श्वास बघा, मग घरी जाऊन ठरवा." ऐकलं त्यांचं. घरी आल्यावर दोन्ही ठेवलं, पण एकात एक मिसळलं नाही. पहाटे श्वास, तिन्हीसांजेला दिव्यापाशी जप.

तिथं ऐकलेली एक हकीकत मला फार जवळची वाटते. विपश्यना आपल्याकडं १९६९ मध्ये आणली ती गोएंका गुरुजींनी. ते ब्रह्मदेशात जन्मलेले, मोठे व्यापारी, अर्धशिशीनं हैराण. देशोदेशीचे डॉक्टर झाले. १९५५ मध्ये ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडं गेले, तर ते म्हणाले, डोकं दुखतंय एवढ्यासाठी आला असाल तर मी शिकवणार नाही. मनाचं दुःख निवारायला येणार असाल तर या, डोकेदुखी त्यात आपोआप जाईल.

ध्यानानं बीपी उतरतं का, शुगर कमी होते का, पित्त जातं का, असं विचारणाऱ्यांना मी हीच हकीकत सांगते. माझीही झोप परत आली, पण मी बसते ती झोपेसाठी नव्हे. पुरानं मला एक दाखवून दिलं होतं. माझी मूर्ती, माझे डोळे, माझा सीझन, असं जे जे माझं म्हणत होते ते एका रात्रीत गाळ झालं, आणि तरी बघणारी मी उरले. ही उरलेली कोण, हे मला जाणून घ्यायचंय. अजून कळलेलं नाही. पण तिच्याजवळ रोज थोडा वेळ बसल्यानं बाकीचं आयुष्य जागच्या जागी येतं, हा माझा अनुभव आहे.

कसं, ते आमच्या कामातूनच सांगते. मूर्तीत सगळ्यात शेवटी डोळे आखतात. अंग झालं, पितांबर झाला, दागिन्यांना सोनेरी लावून झालं, तरी आखणी होईपर्यंत ती मातीच. बारीक ब्रश घ्यायचा, टोक ओठांवर फिरवून अणकुचीदार करायचं, करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवायची आणि वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढायची. मामंजींनी मला शिकवलं होतं, श्वास हळूहळू सोडत रेघ ओढ, आत घेताना हात उचल. श्वास कोंडून धरलास तर हात थरथरतो. वीस वर्षं तसं करत आले, कारण माहीत नव्हतं. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, श्वास आत घेताना हृदयाचे ठोके जरा भरभर पडतात आणि सोडताना मंदावतात, प्रत्येकाचेच. सोडण्याचा वेळ लांबवला की सगळं शरीर शांततेकडं झुकतं. मामंजींना हे ठोक्यांचं ठाऊक असायचं कारण नाही. त्यांच्या बोटांना ठाऊक होतं.

आपल्या भाषेत 'ध्यान' म्हणजे डोळे मिटून बसणं एवढंच नाही. 'ध्यानात आलं का' म्हणजे समजलं का, 'ध्यानात ठेव' म्हणजे विसरू नको, आणि तुकोबांचं 'सुंदर ते ध्यान' म्हणजे समोर विटेवर उभं राहिलेलं रूप. आखणी करताना हे तिन्ही अर्थ माझ्या एका हातात येतात. म्हणून खुर्चीवरची वीस मिनिटं आणि नंतरचं दिवसभराचं काम मला वेगळं वाटत नाही. सकाळी बसले नाही तर दुपारच्या रेघेत ते दिसतं. डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित मोठा होतो. माझ्या घरात हे आता सगळ्यांना कळतं, आणि मुलगा विचारतो, "आई, आज बसली नव्हतीस?"

त्याच्यावर मी पूर्वी फार ओरडायची. राग अजून येतो. फरक एवढाच की, तो पोटात कुठं सुरू होतो ते आता कळतं. बेंबीच्या वर एक गरम गोळा येतो, मग घसा आवळतो, मग शब्द. आधी माझी गाठ थेट शब्दांशीच पडायची. आता दहातल्या चार-पाच वेळा गोळ्यापाशीच भेट होते. मग ओरडत नाही असं नाही, पण जे बोलल्याचं वर्षभर वाईट वाटावं ते बोलत नाही. नवऱ्याशीही तसंच. पुरानंतर आम्ही दोघं एकमेकांना दोष देत होतो, मूर्ती आधी का हलवल्या नाहीत म्हणून. एका पहाटे बसलेली असताना मला दिसलं की त्यांनाही रात्री झोप लागत नव्हती, फक्त ते जिन्यात न जाता गॅलरीत जायचे. एका घरात राहून हे मला दीड वर्षानं दिसलं. त्या दिवशी चहा दोघांनी मिळून घेतला, फारसं न बोलता.

कुणी विचारतं, इतकी वर्षं बसता, काही दर्शन, काही प्रकाश? नाही. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव तुम्हाला माहीत आहे. देवी पश्चिमेकडं तोंड करून उभी आहे. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटी-फेब्रुवारीच्या सुरुवातीला मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी पावलांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. पण दरवेळी येतातच असं नाही. एका नोव्हेंबरात आम्ही गर्दीत उभे होतो. किरणं पावलांवर आली, गुडघ्यापर्यंत चढली, आणि ढग आला. सगळा गाभारा एकदम मंद झाला. शेजारची म्हातारी हात जोडून होती तशीच उभी राहिली, जरा वेळानं म्हणाली, "उद्या येऊ." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मी रोज सकाळी बसते ती त्या म्हातारीसारखं उभं राहता यावं म्हणून.

बसायचं असेल तर काय करायचं, हेही विचारता. मांडी घालता येत नसेल तर खुर्ची घ्या, पाय जमिनीला टेकवा. जेवल्या जेवल्या बसू नका. दहा मिनिटं पुरतात. श्वास मुद्दाम खोल करू नका, आहे तसा बघा. आणि एक काळजीपोटी. मनावर मोठा घाव असेल, नुकतंच कुणी गेलं असेल, घाबरं होत असेल, तर एकदम दहा दिवसांच्या मौनात जाऊ नका. शिबिराच्या अर्जातही मानसिक आजाराची माहिती विचारतात, ती लपवू नका. मला स्वतःला सुरुवातीला डोळे मिटले की गढूळ पाणी दिसायचं. तेव्हा कित्येक महिने मी डोळे अर्धे उघडे ठेवून, समोरच्या फळीकडं बघत बसले. चालतं तसं. चालू असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

यंदा जुलैत पुन्हा पावसानं धरलं. रात्रभर पत्रा वाजत होता. पहाटे फोनवर बंधाऱ्याच्या पातळीचा मेसेज आला, ३७ फूट. छातीत धडधडलं. मी खुर्चीवर बसले, पाय फरशीला टेकवले. फरशी गार होती. धडधड कानात ऐकू येत होती, ती ऐकली. शेरडू २०१९ ला गेलं, आणलं. परत गेलं, परत आणलं. वीस मिनिटांत बहुतेक वीस वेळा आणलं असेल. मग उठले, शटर पूर्ण वर केलं, मुलाला हाक मारली आणि आम्ही दोघं खालच्या फळीवरच्या मूर्ती एकेक करून माळ्यावर चढवायला लागलो.