डेटा खुला करायचा, पण कोणकोणाला विचारून?

सड्यांवरच्या, म्हणजे खडकाळ पठारांवरच्या, पावसाळी वनस्पती कधी फुलतात आणि पाऊस मागेपुढे झाला की त्यांचं काय होतं, यावरचा आमचा शोधनिबंध स्वीकारला गेला, पण मूळ डेटा खुल्या भांडारात ठेवायच्या अटीवर. 'झेनोडो'वर फाईल चढवायला कितीसा वेळ लागतो? मात्र तिथे लायसन्सचा रकाना असतो आणि तिथेच आमचं घोडं अडलं.

कास आणि आंबोलीच्या नोंदी आमच्याच होत्या. हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाचा ०.२५ अंशांच्या चौकटींचा पावसाचा डेटा कोणालाही उतरवून घेता येतो, म्हणून त्याचा नुसता दुवा दिला. 'जीबिफ' या जगभरातल्या संग्रहांच्या जैवविविधता नोंदी एकत्र देणाऱ्या साइटवरून घेतलेल्या नोंदींत प्रत्येक संग्रहाचं लायसन्स वेगळं. सगळं एकत्र उतरवलं की त्यातलं सर्वांत कडक लायसन्स अख्ख्या फाईलला लागतं. त्यात एक संग्रह 'व्यावसायिक वापर नको' म्हणणारा निघाला. त्याच्या ओळी मी वेगळ्या फाईलमध्ये ठेवल्या.

खरी अडचण युरोपातल्या एका संग्रहालयाची. तिथल्या एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक नमुन्यांच्या चिठ्ठीवर 'मलबार, कोंकण इत्यादी' एवढंच छापलंय. कुठला गाव, कुठला डोंगर, काही नाही. त्यांच्या लोकांनी संग्राहकांच्या वह्या-पत्रं चाळून अक्षांश-रेखांश बसवले होते. आम्हाला नेमके तेच हवे होते आणि त्यांच्या डेटाबेसवर लायसन्सच लिहिलेलं नव्हतं. आपल्याकडे अशा वेळी 'नेटवर आहे म्हणजे चालतंय' म्हणतात. मी पत्र पाठवलं. उत्तर आलं: युरोपीय संघाच्या डेटाबेसविषयीच्या १९९६ च्या निर्देशानुसार हक्क राखीव.

हा हक्क कॉपीराइटपेक्षा निराळा. माहिती मिळवणं, तपासणं किंवा मांडणं यात भरीव गुंतवणूक केली की १५ वर्षं तो मिळतो; पुन्हा तशीच गुंतवणूक केली तर मुदत नव्याने सुरू. नुसती माहिती 'निर्माण' करण्याचा खर्च मात्र धरत नाहीत, हे युरोपीय न्यायालयाने २००४ मध्ये घोड्यांच्या शर्यतींच्या खटल्यात स्पष्ट केलं. संशोधनासाठी सवलत आहे, पण ती डेटा काढून घेण्यापुरती. पुन्हा जगापुढे मांडायला ती पुरत नाही आणि आम्हाला तर तेच करायचं होतं. आपल्याच सह्याद्रीतली झाडं, हे मनात येतंच. पण वह्या चाळायचे कष्ट त्यांचे होते, हेही खरं.

आमच्या जर्मन सहकाऱ्याच्या संस्थेने फुलांच्या तारखांचा एक संच पैसे घालून तपासून घेतला होता. तिथे हक्क गुंतवणूक करणाऱ्याचा. ओळी टाइप करणाऱ्या विद्यार्थ्याचा नव्हे. म्हणजे संस्थेच्या कायदा विभागाचं पत्र हवं. ते येईपर्यंत प्रकाशकाचं कार्यालय स्मरणपत्रं पाठवत राहिलं. आमच्या पुण्याच्या गटाच्या नोंदींना हा हक्क युरोपातही नाही. तो तिथल्याच नागरिकांना, रहिवाशांना आणि संस्थांना आहे. भारतात डेटाबेस १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात येतो खरा, पण नुसते कष्ट पुरत नाहीत, निवडीत आणि मांडणीत थोडं कौशल्य दिसावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक प्रकरणात सांगितलंय. आम्ही आमच्या ओळी सरळ 'सीसी झीरो'खाली, म्हणजे सगळे हक्क सोडून, खुल्या केल्या. अपवाद एकच: खर्चुडी (सेरोपेजिया) या कंदवाल्या रानवनस्पतीच्या दुर्मीळ जातींचे अक्षांश-रेखांश मुद्दाम ढोबळ केले. कंद उकरून नेणारेही इंटरनेट वापरतात.

जर्मन संच 'सीसी बाय ४.०'खाली, म्हणजे श्रेय देऊन कोणालाही वापरता येईल असा, गेला; या आवृत्तीत डेटाबेसचा हक्कही धरलेला आहे. संग्रहालयाच्या ओळींपैकी आम्ही फक्त नमुना क्रमांक दिले आणि ते वापरून त्यांच्या साइटवरून नोंद मागवणारी छोटी स्क्रिप्ट जोडली. रिव्ह्यूअरला ते चाललं. कायदा विभागाचं पत्रही त्यांना विचारून पीडीएफ म्हणून सोबत ठेवलंय. त्या संस्थेबरोबर काम करणाऱ्या पुढच्या माणसाला मसुदा आयता मिळेल.