अठ्ठावन्नची फ्रेम

हात बधिर होतात म्हणून कुणी सायकल घेऊन आलं की मी हँडलच्या आधी सीट बघतो. ताईंची सीट रेल्सवर, म्हणजे तिच्या खालच्या सळयांवर, जाईल तितकी पुढे सरकवलेली होती. स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा दांडा, सहा सेंटीमीटरचा, जुन्या क्विल (फ्रेमच्या आत खुपसायच्या) स्टेममध्ये याहून आखूड शोधूनही क्वचितच मिळतो. म्हणजे हँडल दोन्हीकडून अंगाशी ओढून झालं होतं. तरीही तासाभरात करंगळी आणि शेजारचं बोट सुन्न, मान आखडलेली, आणि आता गुडघ्याची वाटीही दुखायला लागलेली. “दादा, यापेक्षा छोटा स्टेम कुठून मागवता येईल का?” एवढंच त्यांना विचारायचं होतं.

सायकल माझ्या चांगल्या ओळखीची. जोडणी दुसऱ्या कुणीतरी करून दिलेली, पण सर्व्हिसिंगला माझ्याकडेच यायची. सत्तरच्या दशकातली इंग्लिश टूरिंग फ्रेम, रेनॉल्ड्स ५३१ नळ्यांची. हे पोलाद १९३५ साली आलं आणि पुढे कित्येक वर्षं चांगली सायकल म्हणजे ५३१ असं समीकरणच होऊन बसलं. नळीची भिंत दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये पातळ, म्हणजे जोडापाशी ताकद मिळते आणि बाकीचं वजन वाचतं. नखाने टिचकी मारत गेलं तर मधला आवाज आणि टोकाचा आवाज वेगळा येतो. ताईंनी ही गंजलेली नुसती फ्रेम म्हणून घेतली होती आणि एकेक पार्ट जमवत ती उभी केली होती. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, कँपॅग्नोलोचा न्यूओवो रेकॉर्ड, १९६७ पासून निघालेला. सीट ब्रूक्सची, चामड्याची, त्यांच्या बसण्याने खोलगट झालेली. लग्जच्या, म्हणजे नळ्यांच्या जोडांवरच्या बाह्यांच्या, कडेने सोनेरी रेघ त्यांनी स्वतः बारीक ब्रशने ओढली आहे. हेड ट्यूबच्या (पुढच्या उभ्या नळीच्या) खालच्या लगवर, डावीकडे, ती एका ठिकाणी जराशी जाड झाली आहे. तिथे हात थरथरला असणार. सायकल स्टँडला लावली की माझी नजर हटकून तिथे जाते. मला ती जागा फार आवडते.

स्टेमबद्दल हो-नाही काहीच न बोलता मी सायकल ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पॅडल मारायच्या स्टँडवर, चढवली आणि आधी माप घेतलं. भिंतीला पाठ लावून, पायांच्या मधे जाड पुस्तक वर दाबून, जमिनीपासून पुस्तकाच्या कडेपर्यंत: ८१ सेंटीमीटर. सायकलपटू ग्रेग लेमाँडच्या नावाने चालणारा गुणक ०.८८३. त्याने गुणलं की बीबीच्या, म्हणजे पॅडलचे दांडे (क्रँक) फिरतात त्या आसाच्या, मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत साडेएकाहत्तर येतात. सीट बरोबर तिथेच होती. बूट घालून वरच्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभं राहिलं तर खाली जेमतेम, पण जागा उरत होती. सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, मूठभर बाहेर. पूर्वी फ्रेम निवडताना याच दोन गोष्टी बघायचे, खाली जागा आणि वर मूठभर पोस्ट, आणि त्या दोन्हींत ही सायकल ताईंना चोख बसत होती.

गोची तिथेच झाली होती. ताईंचे पाय लांब आहेत, धड आणि हात आखूड. जुन्या फ्रेमचं माप सीट ट्यूबवरून, म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीवरून, सांगतात, त्यामुळे “अठ्ठावन्नची फ्रेम” म्हटलं की फक्त उंची कळते. माणसाला आडवं करते ती वरच्या नळीची लांबी. या फ्रेमची वरची नळीही ५८च होती.

मग ओळंबा काढला. पॅडल पुढे, जमिनीला समांतर, आणि दोरा गुडघ्याच्या वाटीखालून सोडलेला. तो साधारण पॅडलच्या एक्सलवर पडायला हवा. ही काही शास्त्राची रेषा नव्हे, सुरुवातीचा अंदाज आहे, पण इथे दोरा बुटाच्या टोकाकडे लोंबत होता. गुडघ्याचं दुखणं तिथून येत होतं.

हाताचं दुखणंही तिथूनच येत होतं. हे तोंडाने सांगून पटत नाही, म्हणून मी ताईंना म्हटलं, खाली उतरा आणि नुसतं पुढे वाका. वाकताना कंबर आपोआप मागे जाते आणि तोल राहतो. आता टाचा आणि पाठ भिंतीला लावून तसंच वाका. त्या पुढे कोलमडल्या आणि समोरच्या बाकाला दोन्ही हातांनी धरलं.

“सीट पुढे आणलीत तेव्हा तुम्ही ही भिंत मागे लावून घेतली,” मी म्हटलं. “हँडल जवळ आलं खरं, पण आता तुमचा सगळा तोल तळहातांवर आहे.”

सीट पॅडलसाठी असते. हँडल दूर पडतं म्हणून सीट सरकवायची नाही, याबाबतीत मी कुणाशीच तडजोड करत नाही. मी सीट मागे, जिथे असायला हवी तिथे नेली आणि त्यांना परत बसवलं. कोपर ताठ, खांदे कानाशी. ट्रेनरवर मागे-पुढे करून बघितलं, कोपर सैल पडेपर्यंत. वरची नळी आणि स्टेम मिळून ६२ च्या आसपास हवे होते. त्यातून नळीचे ५८ वजा केले की स्टेमला उरतात चार. चार सेंटीमीटरचा क्विल स्टेम मी आणणार कुठून, आणि आणला तरी लांब नळीच्या टूरिंग सायकलचं हँडल इतकं मागे आलं की पुढच्या चाकावर वजनच राहत नाही, चढावर ते भरकटतं.

“स्टेम बदलता येतो,” मी म्हटलं. “सीटपोस्ट, क्रँक, हँडल, चाकं, सगळं बदलता येतं. नळी आखूड करता येत नाही, ताई.”

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हिच्यासाठी एवढं सगळं शोधून आणलं मी. आणि मलाच ती बसत नाही?”

यावर उत्तर नव्हतं. मला वाईट वाटलं, फार वाटलं. पण त्या क्षणी “बघू, काहीतरी करू” म्हणणं म्हणजे त्यांच्या मनगटांची आणखी काही वर्षं घालवणं होतं. ते मी करणार नव्हतो.

आतल्या खोलीत त्याच वेळी एका काकांची सायकल पडून होती. काका उंच, धड लांब, आणि सायकल ५३ ची. सीट पुरेशी वर यावी म्हणून त्यांनी सीटपोस्ट इतका ओढला होता की त्यावरची कमाल उंचीची रेघ फ्रेमच्या बाहेर दिसत होती. अशा वेळी पोस्टचा आतला तुकडा इतका थोडा उरतो की माणसाचं सगळं वजन सीट लगच्या काठावर पेलतं. तिथे चीर जाते, आणि गेली की फ्रेम संपली. मी त्यांना निक्षून सांगितलं होतं की ही आता चालवू नका, आणि पोस्ट बदलायचा तर तो निघतच नव्हता. सायकलींची अदलाबदल जमेल का, असं ताईंना विचारून मी काकांना फोन लावला. ते तासाभरात आले.

सायकल बघून ताईंचा चेहरा पडला. ऐंशीच्या दशकातली इटालियन फ्रेम, कोलंबस एसएल नळ्यांची, म्हणजे आतून उत्तम माल. वरून मात्र कुणीतरी साधा निळा रंग मारलेला, एकही स्टिकर शिल्लक नाही, लग्जच्या कडा रंगात बुजलेल्या. शेजारी त्यांची सोनेरी रेघांची सायकल उभी होती. काका त्या रेघांकडे वाकून बघत होते, हात मागे बांधून, स्पर्श न करता. ते माझ्या लक्षात राहिलं.

मी टेप लावली. वरची नळी ५३. पण नुसते आकडे वजा करून चालत नाही. लहान फ्रेमची सीट ट्यूब बहुतेकदा जास्त उभी असते. ताईंची ७२ अंशांत होती, ही ७३. साडेएकाहत्तरच्या उंचीवर एका अंशाने सीट साधारण सव्वा सेंटीमीटर पुढे येते, म्हणजे गुडघा जागेवर राहण्यासाठी ती तेवढीच मागे सरकवायची. पाचचा फरक प्रत्यक्षात पावणेचार उरतो. त्यात आठ सेंटीमीटरचा स्टेम धरला की बेरीज बासष्टच्या थोडी वर. बसत होतं. फक्त हेड ट्यूब आखूड असल्याने हँडल खाली जाणार, म्हणून लांब मानेचा क्विल लागणार होता. तो माझ्याकडे होता.

पण सगळं अडलं होतं त्या पोस्टवर. ॲल्युमिनियमचा पोस्ट, पोलादी नळी, आत ग्रीसचा थेंब नाही, वर्षानुवर्षांचा घाम आणि पाऊस. दोन धातूंच्या मधे पांढरी भुकटी धरते आणि सिमेंटसारखी आवळून बसते. तो निघाला नाही तर ताईंची सीट योग्य उंचीवर आणणंच शक्य नव्हतं.

सायकल उलटी केली. बीबी काढायला घेतला. इंग्लिश फ्रेममध्ये बीबीचा उजवा कप उलट्या आट्याचा असतो, इटालियन फ्रेमचे दोन्ही कप सुलट आट्याचे, हे डोक्यात ठेवूनच पाना लावायचा, नाहीतर सोडवायच्या ऐवजी आवळला जातो. बीबी निघाला, तिथून सीट ट्यूबमध्ये गंज सोडवणारं तेल ओतलं आणि थांबलो. चहा नाही, गप्पा नाहीत, तिघंही नुसते थांबलो. मग सायकल सुलटी करून पोस्टच्या पोकळीत गार करणारा स्प्रे मारला. तापमान उतरलं की ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट आकसतं, आणि पकड सुटायला तेवढी केसभर फट पुरते. पोस्टचं डोकं बाकावरच्या शिकंजात आवळलं, फ्रेम आडवी धरली आणि काकांनी पुढून, मी मागून, फ्रेमच फिरवली. पोस्ट पान्याने फिरवायला गेलं तर तोच पिळवटतो. फ्रेमची लांबी वापरली तर जोर सरळ लागतो.

पहिल्यांदा काहीच नाही. परत तेल, परत गारवा. मग फ्रेमच्या आतून असा काही आवाज आला की ताई दोन पावलं मागे सरल्या. मला तो आवाज ठाऊक होता. मोडल्याचा नव्हता, सुटल्याचा होता. पुढचा अर्धा तास एका वेळी बोटभर फिरवत आम्ही तो बाहेर काढला. टोकाशी पांढरी पूड आणि काळपट तेलाचा चिखल. लगची कड बारकाईने पुसून, भिंग लावून बघितली. चीर नव्हती.

नंतरचं काम सोपं गेलं. दोन्ही फ्रेमना २७.२ मिलिमीटरचाच पोस्ट लागतो, त्यामुळे ताईंचा पोस्ट आणि त्यांची चामड्याची सीट, दोन्ही निळ्या सायकलवर गेलं. ती सीट देणं मी होऊच दिलं नसतं. एकाच्या हाडांना बसलेलं चामडं दुसऱ्याला नुसता त्रास देतं. चाकं ज्याची त्याला. इंग्लिश सायकलची २७ इंची, म्हणजे रिमचा व्यास ६३०, इटालियनची ७००सी, म्हणजे ६२२. ब्रेकचे पॅड जुळत नाहीत. मागचा हबही (चाकाचा मधला भाग) एकाचा १२०, दुसऱ्याचा १२६ मिलिमीटरचा. डिरेलर तरी न्यावा असं ताईंच्या मनात होतं. हातात घेऊन त्यांनी तो जरा फिरवला आणि मग स्वतःच म्हणाल्या, “राहू दे. तो हिचाच आहे.”

काकांसाठी नवीन लांब पोस्ट काढला, स्टेम अकरा सेंटीमीटरचा लावला. ते बसले आणि पाठ सरळ लांब झाली. त्यांना बसलेलं बघून ताई म्हणाल्या, “ही अशी दिसायला हवी होती.” अगदी खरं होतं. मोठी फ्रेम मोठ्या माणसाखाली वेगळीच दिसते.

पैशांचा विषय काकांनी काढला. जुन्या सायकलींच्या शौकिनांत ताईंच्या सायकलला जास्त मोल आहे हे त्यांना माहीत होतं आणि वरचा फरक द्यायची त्यांची तयारी होती. ताईंनी पैसे नको म्हटलं. दोन अटी घातल्या: रंग बदलायचा नाही, आणि कधी द्यायची झालीच तर आधी त्यांना विचारायचं. काका म्हणाले, “रंगाला हात लावणार नाही. त्या जाड झालेल्या रेघेलाही नाही.” म्हणजे त्यांनाही ती दिसली होती.

ताई निळी घेऊन फेरी मारायला गेल्या आणि अपेक्षेपेक्षा बऱ्याच उशिरा परतल्या. कोपर सैल होते, हे मला लांबूनच दिसलं. उतरल्यावर तक्रार एकच, हळू जाताना हँडल वळवलं की बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं. लहान फ्रेमला ७००सी चाक असलं की हे होतंच, वेगात असताना हँडल तेवढं वळत नाही म्हणून धोका कमी, पण सिग्नलला, गर्दीत ध्यानात ठेवावं लागतं. ते मी त्यांना करून दाखवलं.

आता त्यांचे १७० मिलिमीटरचे क्रँक काढून १६५ चे घालायचं ठरलं आहे. बूट चाकापासून अर्धा सेंटीमीटर लांब जाईल. सीट तेवढीच वर घ्यायची आणि ओळंबा परत सोडून बघायचा. क्रँक आले की फोन करतो म्हटलंय.