एवढ्या उन्हात केळी कशाला लावता?

मे महिन्यात पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की हा प्रश्न ठरलेला. पारा पंचेचाळीसच्या पुढे, नाले कोरडे, आणि पाण्यावाचून एक आठवडा न धकणारं पीक कशाला? तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

आमच्याकडे केळी आली ती पावसाच्या भरवशावर नाही, जमिनीच्या. जळगाव जिल्ह्यातला आमचा रावेर-यावलचा पट्टा सातपुडा आणि तापीच्या मधला. डोंगरातून उतरणारं पाणी पायथ्याच्या दगडगोट्यांत जिरतं आणि खाली गाळाच्या रानातल्या विहिरींना लागतं. त्याच पाण्यावर बागा उभ्या राहिल्या. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळालं.

तरी मे महिना जीव काढतो. दुपारी बागेत शिरून बघा. पश्चिमेकडून झळा सुटल्या की पानांच्या चिंध्या होतात, कडा करपतात. निसवलेल्या, म्हणजे घड बाहेर पडलेल्या झाडाचा दांडा उन्हाने भाजतो आणि भरत आलेला घड सटकून खाली येतो. दहा-अकरा महिने पोरासारखं जपलेलं झाड असतं हो ते! म्हणून बांधाला शेवरी नाहीतर गजराज गवत, पश्चिमेला हिरवी जाळी, आणि दांड्यावर केळीचीच वाळलेली पानं झाकायची. विजेची पाळी रात्रीची असेल तर ठिबक बघायला रात्रीच मळ्यात जायचं.

उन्हाशी असं झुंजता येतं. विहीर आटली की इलाज खुंटतो. आमचे दोन्ही तालुके भूजलाच्या सरकारी अहवालांत अतिशोषित, म्हणजे जिरतं त्याहून जास्त पाणी उपसणारे, म्हणून नोंदले गेलेत. ठिबकने पाणी वाचलं खरं, पण वाचलेल्या पाण्यावर गावोगाव केळीचं क्षेत्र वाढलं आणि ट्यूबवेल खोल खोल जात राहिल्या. तापीच्या पुराचं पाणी कालव्यांनी सातपुड्याच्या पायथ्याशी नेऊन जिरवायची मोठी योजना आहे. त्यासाठी १० मे २०२५ ला महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशने भोपाळमध्ये करार केला. ती व्हायलाच हवी, आणि लवकर व्हायला हवी.

पण तोवर उपसा आम्हालाच आवरायचाय. यंदा घरात बसून ठरवलंय: कांदेबाग, म्हणजे पावसाळा सरल्यावर लावतो ती केळी, निम्मीच लावायची, उरलेल्या रानात हरभरा. तो होळीच्या सुमारास निघाला की मृगापर्यंत त्या रानाला थेंबभर पाणी द्यावं लागणार नाही.